मदत हवी आहे: 'डुलॅली' म्हणजे आपलं देवळाली?

मंडळी, परवा कॉलवर आमची लंडनची क्लायंट म्हणाली की सकाळपासून तिचा प्रिंटर 'गॉन डुलॅली' झालाय. माझं लहानपण देवळाली कॅम्पात लॅम रोडला गेलेलं, त्यामुळे मला आधी वाटलं बाई प्रिंटर घेऊन आमच्या गावाला पोचली की काय, म्यूटवर हसत बसलो. नंतर शोधलं तर शब्द खरंच आपल्याच देवळालीचा निघाला (नाशिकजवळची, प्रवरेची नाही) आणि अर्थ काय तर डोकं फिरलेला, सटकलेला!!

मला कळलं ते असं, की १८६१ मध्ये इंग्रजांनी तिथे ट्रान्झिट कॅम्प काढला, नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मुंबईहून बोट मिळेपर्यंत तिथे थांबायचे, पण बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे एप्रिलात सुटका झालेला गडी पार दिवाळीपर्यंत अडकला. काम ना धंदा, नुसतं ऊन, दारू, मलेरिया. मग एकेकाची सटकायची. त्याला म्हणायचे 'डुलॅली टॅप'. पुढे टॅप गळून गेला (टॅपच तो), डुलॅली राहिलं.

आणि याच गावात मुंबईची माणसं तब्येत सुधारायला यायची, पारशी-गुजराती सॅनेटोरियम आम्ही बघितलीत की. आमच्या हवेला नावं ठेवता होय रे!

तर प्रश्न असे, हा टॅप म्हणजे आपलाच ताप का? आणि ऑफिसात हा शब्द वापरला तर चालतो की शिवीत जमा? मी तिथलाच आहे हे क्लायंटला सांगू का, की बाई अवघडून जाईल?

प्रतिसाद:
मी बारा वर्षं युकेत आहे. टॅप म्हणजे तापच, सोल्जरांनी उचलला हिंदुस्तानीतून. फारसीतही तापाला तब म्हणतात, ते आणि संस्कृतातला ताप मुळात एकच. आपण नाही का म्हणत 'डोक्याला ताप', तेच. शिवी नाहीये, प्रिंटर, सॅटनॅव्ह, स्वतःचं डोकं, कशालाही म्हणतात, फक्त खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाला म्हणू नका, वाईट दिसतं. अमेरिकन क्लायंटपुढे मात्र वापरू नका, बहुतेकांना कळणारच नाही. आणि सांगा की बिनधास्त, इथल्या लोकांना असल्या गोष्टी भारी आवडतात, पुढची दहा मिनिटं प्रोजेक्ट डिलेचा विषय निघणार नाही.