पायथनच्या सी एक्स्टेंशनमध्ये बूलियन: सल्ला हवा

ताम्हण: मंडळी, जुन्या सी कोडला पायथनचं वेष्टन करतोय. दोनच फंक्शनं. आत येतो तो हो-नाहीचा फ्लॅग, बाहेर जातं तेही हो-नाहीच. पायथनकडून आलेली मूल्यं वाचणाऱ्या पार्स-टपल फंक्शनला 'पी' फॉरमॅट (खरं-खोटं वाचायची खूण) आणि माझ्या बूल (हो-नाही) व्हेरिएबलचा पत्ता दिलाय. लॅपटॉपवर (पायथन ३.१२) शेजारचा काउंटर मधूनच शून्य होतो. सर्व्हरवर (३.१०) तर थोड्या वेळाने प्रोसेसच कोसळते. सरळ पायबाइंड११ (असं वेष्टन करून देणारी लायब्ररी) घेऊ का?

जुनंखोड: (फोनवरून लिहितोय, नावं देवनागरीतच गोड मानून घ्या.) 'पी' अख्खा इंट (सीमधला पूर्णांक) लिहितो, बहुतेक मशीनवर ४ बाइट. तुमचा बूल १ बाइटचा. उरलेले ३ शेजाऱ्याच्या घरात गेले, काउंटर त्यातच गेला. व्हेरिएबल इंट करा. आणि उत्तर म्हणून पाय_ट्रू तसाच परत देताय का?

ताम्हण: हो. ट्रू तर एकच असतो ना?

जुनंखोड: एकच असतो, म्हणूनच घात होतो. वस्तू किती जण वापरतायत ती संदर्भांची मोजणी न वाढवता दिलात की घेणारा दर वेळी एक कमी करतो, शेवटी मोजणी शून्यावर आणि प्रोसेस कोसळते. ३.१२ पासून ट्रू-फॉल्स अमर केलेत (त्यांची मोजणी बदलतच नाही), म्हणून लॅपटॉपवर चूक झाकली गेली. पाय_रिटर्न_ट्रू मॅक्रो किंवा पायबूल_फ्रॉमलाँग वापरा. पायबाइंड११ ला सी++ लागतं, दोन फंक्शनांसाठी एवढा पसारा कशाला?

कोकमसार: मी सायथॉन (पायथनसारख्या कोडचं सी करून देणारं साधन) सुचवेन, त्यातला बिंट हा हो-नाहीचा टाइप हे सगळं निमूट करतो. हातानेच लिहिणार असाल तर वस्तू खरी की खोटी ते सांगणारं पायऑब्जेक्ट_इजट्रू जपून वापरा. ते ० किंवा १ देतं, पण बिनसलं तर −१. मी ते बूलमध्ये साठवलं होतं. −१ चं झालं ट्रू, एरर तशीच लटकत राहिली आणि पायथनने भलत्याच ठिकाणी सिस्टमएरर फेकला. दोन दिवस गेले. आत आला होता नम्पायचा (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) अ‍ॅरे, ज्याला एकापेक्षा जास्त घटक असले की खरं-खोटं सांगताच येत नाही.

जुनंखोड: आणि 'पी' काहीही गिळतो बरं का. "फॉल्स" ही स्ट्रिंगसुद्धा त्याला खरीच, रिकामी नाही ना! काटेकोर हवं तर ठरावीक टाइपच आत घेणाऱ्या 'ओ!' फॉरमॅटसोबत पायबूल_टाइप द्या.

ताम्हण: इंट केला, काउंटर ताळ्यावर आला. मॅक्रोही लावला, सर्व्हर सकाळपासून उभा आहे. 'ओ!' मात्र नको, माझे फ्लॅग नम्पायमधून येतात आणि त्याचा बूल पायथनच्या बूलचा वंशज नाही, लगेच टाइपएरर. 'पी'च ठेवतो, स्ट्रिंग पायथनच्या बाजूलाच अडवतो.