‘घरी राहणाऱ्या आई’ला मराठीत काय म्हणावे?

सातारा:
एका मैत्रिणीची मुलगी परदेशात असते. तिने स्वतःच्या दिवसाविषयी लिहिलेला इंग्रजी लेख मी मराठीत आणते आहे आणि पहिल्याच वाक्यात अडले आहे. ती स्वतःला ‘स्टे-ॲट-होम मदर’ म्हणवते. मी ‘घरी राहणारी आई’ असे लिहून सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा भाकरी थापता थापता त्यांनी विचारले, “घरी राहती म्हंजे बसून असती व्हय?” त्यांचा प्रश्न मला खरा वाटतो, कारण ज्याची नोकरी जाते त्याला आपण ‘घरी बसवले’ म्हणतो आणि ‘घरी असणे’ हे मराठीत काहीच न करण्याच्या फार जवळ जाते. माझी मुले पाच आणि दोन वर्षांची आहेत. पहाटे साडेपाचच्या पाण्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत मी क्वचितच बसते, तरीही शाळेत किंवा बँकेत कोणी विचारले, की माझ्याच तोंडून ‘काही नाही, घरीच असते’ असे निघते. ‘गृहिणी’ लिहावे, तर त्यात आई येत नाही. लग्न झाल्या दिवसापासून मी गृहिणी होते, आई काही वर्षांनी झाले. मुलांसाठी घरी थांबलेल्या आईला आपल्याकडे नेमका शब्द आहे का?

वाई:
ताई, ‘गृहिणी’ हा शब्द आपण समजता त्याहून मोठा आहे. ‘गृह’ला जो ‘इन्’ प्रत्यय लागला आहे तो ‘ते ज्याच्यापाशी आहे’ हा अर्थ देतो, जसे धन असलेला धनी, गुण असलेला गुणी. म्हणजे गृहिणी ही घरात राहणारी नव्हे, तर जिचे घर आहे ती. इतका नेमका आणि मानाचा शब्द हाताशी असताना इंग्रजी शब्दाचे सांधे मोडून नवा शब्द घडवण्याची गरज मला दिसत नाही.

सातारा:
व्युत्पत्ती मान्य आहे, परंतु ज्या घराच्या घरपट्टीच्या पावतीवर, वीजबिलावर किंवा सातबाऱ्यावर बाईचे नाव नाही, तिथे ‘जिचे घर आहे ती’ हा अर्थ व्याकरणातच राहतो. शिवाय माझा प्रश्न मालकीचा नसून कामाचा आहे.

कराड:
हीच अडचण कायद्याच्या भाषांतरात मला आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्त्रियांविषयीच्या साचेबंद भाषेबद्दल एक पुस्तिका काढली आणि तीत ‘हाउसवाइफ’ऐवजी ‘होममेकर’ लिहावे असे सुचवले. मराठीत मात्र दोन्हींना ‘गृहिणी’च म्हणतात, त्यामुळे ‘गृहिणीऐवजी गृहिणी लिहावे’ असे वाक्य तयार होते. ‘घरकाम करणारी’ म्हणावे, तर तो शब्द धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंसाठी रूढ झाला आहे. राज्याच्या २००८ च्या कायद्याने त्यांना ‘घरेलू कामगार’ म्हटले, तरी बोलण्यात ‘घरकाम’ त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे तेच काम पगारावर केले तर त्याला नाव आहे, स्वतःच्या घरी केले तर नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले; अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. पाच तासांच्या कामाला नाव नसणे ही भाषेची उणीव आहे, असे मी मानतो.

वाई:
‘घरेलू’ हा हिंदी शब्द मराठी कायद्याच्या नावात का यावा, याचा खेद मात्र नोंदवला पाहिजे. ‘घरगुती’ होता, ‘घरकामगार’ होता.

तासगाव:
आमच्या भागात ‘कारभारीण’ म्हणतात. नवरा कारभारी, बायको कारभारीण. त्यात बरोबरी आहे आणि काम तर आहेच. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आमच्याकडे घरी असणारी आई म्हशीच्या धारा काढते, वैरण टाकते, मूल झोळीत निजवून बांधावर खुरपते. जनगणनेत २००१ पासून घरच्या वापरापुरते दूध काढणेसुद्धा उत्पादक काम धरले गेले, परंतु दारी आलेल्या माणसाला घरातलेच सांगतात, की ती घरीच असते. कामाला शब्द हवा असेल, तर मी ‘उस्तवार’ सुचवतो. आई पोराची उस्तवार करते, तशीच मी ऑक्टोबर छाटणीपासून घड उतरेपर्यंत द्राक्षबागेची करतो. रोज बघावे लागते आणि एक दिवस चुकला तर नुकसान होते, असे ते काम आहे.

वाई:
‘कारभार’ आणि ‘उस्तवार’ हे दोन्ही फारसीतून आले आहेत. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणून, याचे स्मरण साताऱ्यासारख्या राजधानीच्या गावाने तरी ठेवावे.

सातारा:
स्मरण आहे आणि आदरही आहे. तो कोश राजदरबारासाठी होता. ‘निगा’ हा शब्दही फारसी ‘निगाह’ म्हणजे नजर यावरून आला आणि मला तर तो आईच्या कामाचे सर्वांत खरे वर्णन वाटतो, कारण पोळी लाटताना, कपडे पिळताना, दाराशी कोणाशी बोलताना तिची एक नजर मुलावर असते. हा शब्द परका म्हणून टाकला, तर त्याच्या जागी आपण काय द्याल?

वाई:
‘संगोपन’.

सातारा:
‘संगोपन’ पुस्तकात चांगले दिसते. सासूबाई तो शब्द कधी उच्चारणार नाहीत.

मिरज:
‘उस्तवार’विषयी तासगावच्या दादांशी माझा मतभेद आहे. आमच्या घरी हा शब्द नेहमी तक्रारीत येतो: “किती उस्तवार करायची या माणसाची!” वाजवीपेक्षा जास्त करावे लागते तेव्हाच आम्ही तो वापरतो, बाळासाठी कधीच नाही. मला वाटते, नाम शोधण्यात आपण चुकतो आहोत. मराठीने या कामाला नाम दिले नसेल, पण क्रियापद दिले आहे, आणि ते ‘काढणे’ आहे. आई केर काढते, धार काढते, उष्टी काढते, रांगोळी काढते, तिन्हीसांजेला मुलाची दृष्ट काढते, लेकीचे बाळंतपण काढते, सगळ्यांची दुखणी काढते. सकाळपासून रात्रीपर्यंतचा तिचा दिवस या एका क्रियापदावर उभा आहे.

तासगाव:
‘दुखणे काढणे’ हे आजारी माणसाचे काम आहे. “त्याने दोन महिने दुखणे काढले” म्हणजे तो दोन महिने आजारी होता. सेवा करणारीला तुम्ही ते कसे लावता? आणि ‘बाळंतपण’ आम्ही ‘करतो’, काढत नाही.

कराड:
माझ्या आईच्या तोंडी दोन्ही होते. “मी टायफॉइड काढला” असेही ती म्हणे आणि “मी याचा टायफॉइड काढला” असेही, आणि कोण आजारी होते ते वाक्यावरून कळे. ‘दिवस काढणे’ याच्याशी त्याचे नाते असावे, म्हणजे दोघांनीही ते दिवस सोसले, एकाने अंथरुणात आणि दुसऱ्याने उशाशी.

सातारा:
लेख परवा द्यायचा आहे. तूर्त मी ‘मुलांसाठी घरी थांबलेली आई’ असे लिहिले आहे. ‘थांबणे’ हे निदान तिने स्वतः ठरवलेले वाटते, तरी माझे समाधान झालेले नाही. परंतु मिरजेच्या ताईंना विचारते, ‘दुखणे काढणे’ हे सेवेच्या अर्थाने तुमच्याकडे आजही बोलतात का?

मिरज:
बोलतात. इथे दवाखाने पुष्कळ असल्यामुळे जत, आटपाडी, पलीकडून कर्नाटकातूनही माणसे येतात आणि रुग्णाबरोबर बहुधा एक आई किंवा आत्या असते. मागच्या महिन्यात नणंदेच्या शेजारच्या खाटेपाशी अशाच एक आजी होत्या. तुम्ही कुठल्या, असे विचारल्यावर गावाचे नाव सांगून त्या म्हणाल्या, “नातवाचं दुखणं काढाय आलोय.” आपल्याला साखर आहे, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.