जन्मठेप म्हणजे १४ वर्षं? मुदतपूर्व सुटका असावी की नसावी

काळा_कोट
जन्मठेपेची बातमी आली की खाली कुणीतरी लिहितंच, ‘१४ वर्षांनी सुटेल’. हे चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सांगितलं. काहीजण २० वर्षं म्हणतात. तो आकडा जुन्या दंडसंहितेच्या कलम ५७ चा, आणि तोही फक्त शिक्षेचा अपूर्णांक (जन्मठेपेच्या निम्मी वगैरे) काढण्यापुरता. १४ आले फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७८ च्या दुरुस्तीतून (कलम ४३३अ, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५). ज्या गुन्ह्याला फाशीही देता येते त्यात जन्मठेप झाली, तर प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही. चांगल्या वागणुकीची सूट त्यात धरत नाहीत. १४ नंतर अर्जाचा विचार होतो, सुटका मिळेलच असं नाही.
तरीही मुदतपूर्व सुटका हवी, असं माझं मत. पंचविशीत खून केलेल्याला साठीपर्यंत आत ठेवून जरब वाढत नाही. जरब बसते ती पकडले जाऊच या धास्तीने.

मेधा_नाशिक
कायदा बरोबर सांगितलात, पण शिक्षा काय फक्त जरबेसाठी असते? केल्याची भरपाई नावाची गोष्ट आहे की नाही? सुटकेचा अर्ज तपासताना बघायचे, सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मण नस्कर निकालातले (२०००) पाच प्रश्न काढून बघा: गुन्ह्याचा समाजावर परिणाम झाला का, पुन्हा करेल का, गुन्हा करण्याची क्षमता उरली आहे का, आत ठेवून काही साधतंय का, आणि कैद्याच्या घरची परिस्थिती. कैद्याचं घर आहे. मयताचं घर कुठे आहे?

काळा_कोट
मुद्दा मान्य. पण सुटकेआधी शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाचं मत मागवतात ते कशासाठी? ते कारणांसह आणि याच पाच प्रश्नांवर हवं, असं २०२२ च्या राम चंदर निकालात आहे. मोघम असेल तर परत पाठवता येतं.

फाईलवाला
तुम्ही दोघं तत्त्वावर भांडताय, घोटाळा कागदात होतो. तुरुंगाचा अहवाल येतो, पोलिसांचा येतो, न्यायालयाचं मत येतं. पोलिसांच्या अहवालात एकच ओळ: ‘सुटल्यास शांतताभंगाची शक्यता’. मूळ न्यायाधीश निवृत्त झालेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी माणूस पाहिलेला नसतो, ते निकालपत्र वाचून मत देतात. म्हणजे माणूस बदलला का हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर १५ वर्षांपूर्वीच्या कागदातून काढायचं.
आणि सरकार कोणतं? बिल्किस बानो प्रकरणात (२००२ च्या दंगलीतले सामूहिक बलात्कार आणि खून) गुन्हा गुजरातेत घडला, खटला मुंबईत चालला. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरातने ११ जणांना सोडलं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं: शिक्षा महाराष्ट्रात झाली, म्हणून अधिकार महाराष्ट्राचा. दोन आठवड्यांत परत आत.

मेधा_नाशिक
म्हणून तर मला सर्वोच्च न्यायालयाच्या श्रद्धानंद (२००८) आणि श्रीहरन (२०१५) निकालांचा रस्ता पटतो. फाशी नको, पण ‘३० वर्षं, सूट नाही’ असं निकालातच लिहायचं. नंतरच्या सरकारांच्या लहरीवर काही राहत नाही.

काळा_कोट
हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे, आणि श्रीहरनमध्ये तोही ३ विरुद्ध २ ने टिकला. माझी हरकत वेगळी आहे. तीस वर्षांनी हा माणूस कसा असेल हे निकालाच्या दिवशी कुणाला कळतं? शिवाय राज्यपालांचा (अनुच्छेद १६१) आणि राष्ट्रपतींचा (७२) माफीचा अधिकार शिल्लक राहतोच. म्हणजे लहर पूर्ण गेली असंही नाही.

फाईलवाला
पोलिसांच्या एका ओळीपेक्षा रजेची नोंद बघा की. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) किती वेळा मिळाली, वेळेत परतला का, बाहेर काही केलं का. पैठणसारख्या खुल्या कारागृहात राहिला असेल तर तिथली वागणूकही. हा पुरावा ताजा असतो आणि तपासता येतो.

मेधा_नाशिक
चालेल. पण रजेवर तो ज्या गावात जातो, मयताची माणसंही बऱ्याचदा तिथेच राहतात. त्यांना आधी कळवायचं आणि सुटकेच्या फाईलमध्ये त्यांचं म्हणणं लेखी घ्यायचं, हा सहावा प्रश्न जोडा. मग तुमच्या बाजूने बोलेन.