तळघरातल्या कार्यक्रमांच्या कॅसेटी: आधी काय करू?

खरखर:
आमच्या जुन्या बँडच्या आणि आसपासच्या मंडळींच्या कॅसेटी, हाय-८ (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) टेपा, झेरॉक्स पत्रकं माझ्याकडे खोक्यांत पडून आहेत. काही परफॉर्मन्सची तर दुसरीकडे कुठेच नोंद नाही. एक मित्र म्हणतो सगळं यूट्यूबवर चढव, दुसरा म्हणतो टेपा ओव्हनमध्ये भाज. जाणकारांनी सांगावं.

जुनाडेक:
ओव्हन बंद ठेवा! भाजण्याचा उपाय १९७०-८०च्या दशकांतल्या काही रीळ टेपांसाठी आहे. त्यांचं बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटा, ओल शोषून चिकट होतं. कॅसेटींना ते क्वचितच लागतं, वर कवच वाकायची भीती.

आधी कॅसेटीच्या काठावरचे छोटे टॅब तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मग अझिमथ, म्हणजे टेपेशी हेडचा कोन, जुळवा, आणि तोही प्रत्येक कॅसेटीला वेगळा. मोनोवर ऐकत हेडचा स्क्रू हळूहळू फिरवायचा, झांजा सर्वांत खुलतात तिथे थांबायचं. इथे हुकलेलं नंतर सॉफ्टवेअरनं नीट भरून निघत नाही. मी या बाबतीत हट्टी आहे. संगणकावर घेताना ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह (WAV) फाइल करा, स्टिरिओ तासाला साधारण २ जीबी. मूळ फाइलमधली खरखर काढू नका (तुम्हाला नाही हो म्हणत). आणि हाय-८ला पहिला नंबर द्या, चालू कॅमेरे मिळेनासे झालेत.

पडद्यामागून:
बास कोण वाजवतंय, हे टेप सांगत नाही. ज्यांना आठवतंय त्यांना बसवून ऐकवा, ते बोलतील ते रेकॉर्ड करा. पत्रकंही स्कॅन करा. बऱ्याचदा तारीख तिथेच सापडते. वॉशिंग्टन डी.सी.च्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१४ मध्ये तिथल्या पंक संगीताचा संग्रह उभा केला, तोही त्या वर्तुळातल्या लोकांनी दिलेल्या वस्तूंवर.

यूट्यूबची घाई नको. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाचा लाइव्ह संगीत विभागसुद्धा परवानगी दिलेल्या बँडचंच घेतो. परफॉर्मन्स तर खोलीतल्या मोजक्या माणसांच्या भरवशावर केलेला असतो. कुणी उघड्या अंगानं उभं राहिलं होतं, ते आज कुणाची आई असेल.

खरखर:
हे डोक्यातच नव्हतं. आमचा ड्रमर आता नाही. त्याच्या वतीनं कुणाला विचारायचं?

पडद्यामागून:
घरच्यांना आणि उरलेल्या बँडला, दोघांनाही. घरच्यांना आधी एक प्रत द्या, परवानगीचा विषय नंतर काढा. नाही म्हणाले तर फाइल जपा, फक्त बंद ठेवा, आणि का बंद आहे ते सोबत लिहून ठेवा.

जुनाडेक:
+१. प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.