लिलावात कॅरोनेड आली आहे : खरी की नक्कल, आणि गंजाचं काय?

गलबत
मंडळी, इंग्लंडमधल्या एका लिलावात बिडाची छोटी जहाजी तोफ आहे. वर्णन : '२४ पौंडी कॅरोनेड, ट्रफल्गरच्या काळातली'. नळीचा व्यास तोंडाशी १३२ मिमी आणि हात पोचतो तिथे आत १३१. पोटाखाली भोक असलेली जाड कडी आहे, तिच्या बाजूवर CARRON असं वाचता येईल इतपत अक्षरं, एक क्रमांक आणि १८१२. मागच्या बाजूला ९-१-२०. बाणाची खूण किंवा राजाचं मुद्राक्षर नाही. काठी ६० सेमी आत जाते. बाहेरून तोंडापासून कानापर्यंत (बत्ती देण्याच्या भोकापर्यंत) ८४ सेमी भरतात. काळ्या रंगाखाली पापुद्रे सुटलेत. घ्यावी का? आणि पुढे पुण्याला नेता येईल का?

बारुदखाना
आधी वर्णनातली चूक. २४ पौंडी, म्हणजे २४ पौंडांचा गोळा उडवणाऱ्या, कॅरोनेडची नळी ५.६८ इंच, म्हणजे १४४ मिमी. १८ पौंडीची ५.१६ इंच, म्हणजे १३१. गंजाने नळी रुंदावते, अरुंद होत नाही, तेव्हा ही १८ पौंडीच. तोंडाशी मोजू नका, तिथली कड सगळ्यात आधी झिजते. लांब तोफांचं कोष्टकही इथे लावू नका : लांब १८ पौंडीची नळी ५.२९ इंच असते, कारण तिच्यात गोळ्याभोवती मोकळी जागा जास्त ठेवत.

९-१-२० हे वजन. पहिला आकडा हंड्रेडवेट (११२ पौंड), दुसरा त्याचे पाव (२८ पौंड), तिसरा सुटे पौंड. १००८ + २८ + २० = १०५६ पौंड, सुमारे ४७९ किलो. क्रेनच्या काट्यावर तोलायला सांगा. थोडी घट गंजाची. पण ३०० किलोच भरली, तर एक तर नक्कल किंवा समुद्रातून काढलेली, आतून खंगलेली तोफ.

ट्रफल्गरची आरमारी लढाई १८०५ ची, तोफ १८१२ ची. बाण नाही म्हणजे सरकारी माल असल्याची खूण नाही. बहुधा व्यापारी जहाजावरची. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कचा कॅरन कारखाना व्यापाऱ्यांनाही भरपूर विकत असे, हलकी तोफ आणि थोडी माणसं हे त्यांना परवडायचं. त्यामुळे तोफ वाईट ठरत नाही, फक्त ट्रफल्गरच्या नावाने वाढवलेली किंमत देऊ नका.

ओतशाळा
नक्कल ओळखायला अक्षरं बघा. वजनाचे आकडे ओतल्यानंतर छिन्नीने कोरलेले असतात, कडा धारदार. खऱ्या तोफेवरून साचा काढून पुन्हा ओतलेली असेल तर हेच आकडे गोलसर, लोण्यात बोट फिरवल्यासारखे दिसतात. शिवाय बीड थंड होताना जवळजवळ एक टक्का आकसतं, म्हणून अशी तोफ मूळ मापापेक्षा किंचित लहान भरते. दोन्ही कुशींवरून लांबीभर शिवण दिसली किंवा तोंडाशी आत बसवलेल्या पाइपाचं वर्तुळ दिसलं, तर बागेतली शोभेची वस्तू समजा. नकलेचा कान बहुतेक वेळा दोन-तीन सेंटिमीटरवर संपतो.

पापुद्र्यांसाठी वाळूचा फवारा मारून घ्या, एका दिवसात काम होतं.

खारं_पाणी
वाळूचा फवारा अजिबात नको! बिडातलं लोखंड खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागे ग्रॅफाइटचा मऊ थर उरतो. आकार, आकडे सगळं त्याच थरात असतं. फवाऱ्याने तोच उडतो.

आधी क्षार आहेत का ते ठरवा. रंग निघालेल्या जागी दमट हवेत नारिंगी थेंब फुटत असतील तर आत क्लोराइड आहे, आणि वरून कितीही रंग फासला तरी पापुद्रे येतच राहणार. थेंब नसतील तर सोपं : सुटा रंग हाताच्या ब्रशने काढा, आकड्यांवर ग्राइंडर नको, टॅनिक आम्लाचे दोन-तीन हात, वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

क्लोराइड असेल तर टाकी लागते. कॉस्टिक सोडा २ टक्के, म्हणजे हजार लिटरला २० किलो. सोडा पाण्यात टाका, पाणी सोड्यावर नाही. तोफ विजेच्या ऋण टोकाला, भोवती साध्या पोलादाच्या जाळ्या धन टोकाला, प्रवाह अगदी मंद. जोरात बुडबुडे आले तर ग्रॅफाइटचा थर सुटतो. हायड्रोजन निघतो, म्हणून टाकी उघड्यावर. द्रावणातलं क्लोराइड मोजत राहा. आकडा वाढायचा थांबला की द्रावण बदला, आणि नव्या द्रावणातही वाढ जवळजवळ थांबेपर्यंत हेच चालू. एवढ्या तोफेला महिने नाही, वर्षं लागू शकतात. लिलावात बोली लावताना हा खर्च धरा.

बारुदखाना
६० आणि ८४ मधल्या फरकाबद्दल. कॅरोनेडच्या तळाशी दारूची कोठी नळीपेक्षा अरुंद असते, जाड काठी तिच्या काठावर अडते. बोटाएवढी बारीक लाकडी काठी घालून पुन्हा मोजा. तीही कानाच्या बरीच अलीकडे थांबली, तर आत विटा, लाकडाचा बुच किंवा भरलेली दारू-गोळा, काहीही असू शकतं. जुनी काळी दारू सुकली की ठिणगीने पेट घेऊ शकते. ड्रिल नाही, वेल्डिंग नाही, तापवणं नाही. विक्रेत्याला सांगून पोलिसांना कळवायचं.

गलबत
लिलाववाल्यांनी बारीक काठीने मोजून कळवलं : ८३ सेमी. वजन ४६८ किलो. कान आरपार.

बारुदखाना
मग आत काही अडकलेलं दिसत नाही आणि वजनही जुळतं. १८ पौंडीच्या भावाने घ्या. उचलताना नळीभोवती दोन रुंद नायलॉन पट्टे, तोंडात पहार घालून नको. गाड्यावर तोंड किंचित खाली ठेवा, पाणी निघून जाईल. ओक लाकूड थेट बिडाला टेकू देऊ नका, त्यातल्या आम्लाने गंज धरतो. मध्ये पॉलिथिनची जाड पट्टी द्या.

किल्लेदार
कायद्याचं. इंग्लंडमध्ये १९६८ च्या बंदूक कायद्यातलं कलम ५८ जुनी तोफ शोभेची म्हणून ठेवायला मुभा देतं. उडवायची म्हटली की परवाने आले. भारतात मात्र १९५९ चा शस्त्र कायदा तोफखान्याला निषिद्ध शस्त्रांत धरतो, आणि कलम ४५ ची सूट दुरुस्ती करूनही वापरता न येणाऱ्या जुन्या शस्त्रालाच आहे. कान आरपार आणि नळी धड असलेली तोफ त्यात बसवणं कठीण. लेखी परवानगी हातात येईपर्यंत कंटेनर बुक करू नका.