पेटीचा गांधार लावायचाय, लॅपटॉपवर कोणता टोन काढू?

स्वरदा_कोथरूड

नमस्कार. मी कोथरूडला घरीच गाण्याचे वर्ग घेते. बहुतेक मुली काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गातात. भूप शिकवताना पेटीचा गांधार मला टोचतो. मुलगी तानपुऱ्यावर तो छान लावते, आणि पेटी वाजली की तिथून वर सरकते. लहान वयात कान असा सरावला तर पुढे फार जड जातं, म्हणून एक पेटी फक्त काळी चारसाठी लावून घ्यायची ठरवली आहे. पेटीवाले काका रीड घासून द्यायला तयार आहेत, पण "नेमका सूर तुम्ही द्या" म्हणतात.

लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर आहे. जनरेट मेनूतल्या टोनमध्ये साइन, स्क्वेअर, सॉटूथ असे पर्याय दिसतात. साइन लावला तर पेटीशी जुळला की नाही हेच कळत नाही. कोणता घेऊ? आणि फ्रिक्वेन्सी किती टाकू?

जवारी

ताई, लॅपटॉप कशाला? उत्तम जवारीचा तानपुरा जुळवा, खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येतो. त्याला पेटी लावा. कानापेक्षा मोठं यंत्र नाही.

नारायणपेठ_ॲम्प्लिफायर

जवारी यांचं म्हणणं योग्यच आहे, आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. एका सुरात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूरही मिसळलेले असतात, ते स्वरांश. स्वयंभू गांधार म्हणजे तारेचा पाचवा स्वरांश, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट. तो तारेत असतो, साइन लहरीत नसतो. साइनमध्ये एकच कंपनसंख्या असते, बाकी काही नाही. पेटीचा सूर मात्र स्वरांशांनी भरलेला. म्हणून दोन्ही एकत्र वाजवले की फक्त तळाशी एक मंद लाट (जवळच्या दोन सुरांतल्या फरकाने आवाज कमीजास्त होतो ती) येते आणि वरच्या झणझणाटात ती बुडून जाते.

सॉटूथ घ्या. त्यात सगळे स्वरांश असतात: दुसरा निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश. स्क्वेअरमध्ये फक्त विषम असतात, ट्रँगलमध्येही विषमच, पण पाचवा एक पंचविसांशावर येतो, म्हणजे या कामाला जवळजवळ नाहीच.

आता आकडे. ४४० च्या हिशेबाने (मधली पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरून) मंद्र सप्तकाच्या बाजूची काळी चार २०७.६५ हर्ट्झ. तिचा शुद्ध गांधार पाच चतुर्थांश पट, २५९.५६. तुमच्या पेटीवर तिथे पांढरी एक आहे, २६१.६३. मुली वर सरकतात ते या दोन हर्ट्झमुळे. धैवत ३४६.०८ हवा, पेटी देते ३४९.२३. तो तर अजून चढा. पंचमात फरक नगण्य आहे, ३११.४८ आणि ३११.१३.

पण गांधाराचा टोन काढायची गरजच नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. सॉटूथवर फक्त षड्ज लावा, २०७.६५. त्याचा पाचवा स्वरांश १०३८.२५ वर येतो, आणि खऱ्या गांधाराचा चौथाही बरोबर तिथेच. पेटीचा आजचा गांधार दाबलात तर तिथे सेकंदाला आठच्या आसपास लाटा येतील, थरथर स्पष्ट ऐकू येईल. काका रीड घासतील तसतशी ती मंदावेल आणि एका क्षणी थांबेल. तोच गांधार. धैवताचा तिसरा स्वरांशही १०३८.२५ वरच पडतो, म्हणून तोही याच षड्जावर लागतो. पंचमासाठी षड्जाचा तिसरा ऐका. रिषभ तेवढा पंचमाच्या टोनवर लावा, ३११.४८ वर, तिथे सरळ जुळतो.

काकांना ठाऊक असेलच, गांधार आणि धैवत उतरवायचे आहेत तर कानस रीडच्या मुळाशी चालवायची. टोकाशी घासलं तर सूर चढतो.

सुरुवातीला एक गोष्ट नक्की करा. तुमची पेटी ४४० ला नेमकी असेलच असं नाही. आधी पेटीची काळी चार धरा आणि लॅपटॉपचा आकडा थोडा थोडा बदलत लाट थांबवा. २०८.२ ला थांबली तर तोच तुमचा षड्ज. फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात दशांश चालतात.

पेटीला दोन सूर असतील तर एकाच्या रीडवर कागदाची पट्टी घाला, नाहीतर त्या दोघांचीच आपसात लाट ऐकत बसाल. भाता एकसारखा, हलका. दाब वाढला की सूर किंचित हलतो. ॲम्प्लिट्यूड ०.८ असते, ती ०.२ करा. कालावधी तीस सेकंद पुरतो, लूपवर ठेवा.

अजून एक: प्रोजेक्ट रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ९६,००० ठेवा. ऑडॅसिटीची सॉटूथ खूप वरचे स्वरांशही बनवते, आणि जे रेटच्या निम्म्यापलीकडे जातात ते उलटून खाली येतात आणि भलत्याच जागी किणकिणतात. स्क्वेअरसाठी 'नो अलायस' असा वेगळा पर्याय आहे, सॉटूथला तो नाही.

स्वरदा_कोथरूड

आत्ताच लावून पाहिलं! षड्जावर गांधार दाबला आणि ती थरथर खरंच ऐकू आली, शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीलाही. दोन शंका. खर्जाचा सूर १०३.८३ चा, तो लॅपटॉपवर ऐकूच येत नाही. आणि काका धायरीला राहतात, फोनवरून टोन ऐकवला तर चालेल का?

नारायणपेठ_ॲम्प्लिफायर

लॅपटॉपचे स्पीकर इतके खाली वाजतच नाहीत. साइन असेल तर काहीच कळणार नाही, पण सॉटूथचे वरचे स्वरांश वाजतील आणि लाट त्यांच्यातच ऐकायची आहे, त्यामुळे काम होईल. तरी मोठा वायरचा स्पीकर मिळाला तर उत्तम, तपकीर गल्लीत सहज मिळेल.

फोन कॉलवर नको. एकसारखा चालणारा सूर म्हणजे गोंगाट असं समजून फोन तो दाबून टाकतो. त्यापेक्षा टोन वेव्ह फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि पेनड्राइव्हवर काकांना द्या.