मदत हवी आहे: १९४९ चा हॅम्बर्गचा मातीचा ट्रॅक, आतलं रेलिंग कसं होतं?

न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्बर्गच्या जत्रेच्या मैदानावर (इरी काउंटी फेअर) १८ सप्टेंबर १९४९ ला नॅसकारची (अमेरिकेतली कार रेसिंगची संस्था) स्ट्रिक्टली स्टॉक, म्हणजे फारसे बदल न केलेल्या गाड्यांची, रेस झाली होती, जॅक व्हाइट लिंकन गाडी घेऊन जिंकला होता. त्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकचा एका कोपऱ्याचं छोटं मॉडेल मी १:४३ स्केलमध्ये बनवतोय. गाड्यांचं जमलंय, हेडलाइटवर चिकटपट्टी, दार उघडू नये म्हणून बांधलेला पट्टा, हे बारकावे करायला फार मजा येते, त्या काळी शोरूममधली गाडी जवळपास तशीच रेसला उतरायची ना.

अडलंय ट्रॅकवर. हा मूळचा घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. तसल्या ट्रॅकला आतून लाकडी रेलिंग असतं, आणि गाडी त्यावर आदळली तर फळी काच फोडून सरळ आत घुसायची, म्हणून काही ठिकाणी रेसच्या आधी ते काढायचे असं वाचलंय. जुन्या पेपरांचे स्कॅन चाळले, यूट्यूब पाहिलं, पण फोटो एकतर गाडीचे क्लोजअप नाहीतर नुसता धुरळा. आत्ताचे फोटो नकोत, ते मिळालेत. तिथे जाणंही शक्य नाही, मी नाशिकला आहे.

बफेलोकडचं (हॅम्बर्गजवळचं शहर) कोणी किंवा जुन्या रेसिंगचं वेड असलेलं कोणी आहे का इथे? १९४९-५० मध्ये हॅम्बर्गला गाड्यांच्या रेसच्या वेळी आतलं रेलिंग ठेवायचे की काढायचे, आणि ग्रँडस्टँडसमोर नुसती जाळी होती की फळ्यांची भिंत?